निरंक

उत्पन्नाच्या दाखल्यात एक रकाना असतो :
धारण केलेली जमीन.
सेतूतल्या बाईनं मान वर न करता विचारलं,
मी म्हटलं, नाही.
तिनं टाइप केलं, निरंक.
शब्द नवा होता. बरा वाटला.
त्यात नाही म्हटल्यासारखं काही ऐकू येत नव्हतं.

आईचा अंगठा मशीननं चारदा नाकारला.
कळमन्याच्या सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडून खुडून
तिच्या बोटांवरल्या रेषा गेल्यात.
पाचव्यांदा तिनं अंगठा पदराला पुसला
आणि रांगेतल्या मागच्या माणसाला ठसका लागला.
"ऐका," ती म्हणाली, "थो माह्या सहीचा आवाज होय."

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिवाळीत येणार होता.
आला होळीनंतर.
मधले महिने सदरच्या तंत्रनिकेतनात
मी उधारीवर शिकले.
समाजकल्याणच्या बोकडेसाहेबांकडे बारा चकरा :
पडताळणीची पावती, बोनाफाईड,
एकदा तर रेशनकार्डाची कोरी मागची बाजू,
तिचीही साक्षांकित प्रत.
माझ्या खोलीतली त्रिवेणी, देवलापारची,
तिच्या अर्जात उईकेचं उके झालं
आणि सबंध एक वर्ष
सरकारी पैशानं दुसरीच कोणी इंजिनिअर होत राहिली.
आम्ही दोघी एका ड्रॉइंग बोर्डावर निभावलो,
संध्याकाळी तिची शीट, रात्री माझी,
सकाळी कोणाची तरी अर्धवट.

ढोक सर म्हणायचे,
जमीन खोटं बोलत नाही, साखळी बोलते.
उन्हात ती लांबते,
आणि लांबलेल्या साखळीनं मोजलं
की जमीन कमी भरते.
एप्रिलच्या शेवटी, चव्वेचाळीस अंशात,
कॉलेजच्या मैदानावर
रुमाल गुंडाळून आम्ही ती कडी कडी धरली.
घरी जाऊन मी हे आईला सांगितलं.
ती भाकरी थापत होती, हं म्हणाली.

मोजत मोजत शेवटी निघाल्या खुणेशी यायचं असतं.
बरोबर तिथंच कोणी येत नाही.
जेवढं अंतर उरतं ती चूक,
आणि थोडी चूक चालते, तिचाही नियम आहे :
सगळ्या बाजूंवर वाटून टाकायची,
कोणा एकीवर भार येऊ द्यायचा नाही.
दुसरा हप्ता आठशेनं कमी आला
तेव्हा मी तेच केलं.
थोडी मेसवर टाकली, थोडी बसच्या पासवर,
आईच्या चपलांवर जरा जास्त पडली.

यंदा आमच्या वस्तीत पट्ट्यांची मोजणी लागली.
माणसं कमी होती,
सरांनी शेवटच्या वर्षाच्या पोरी पाठवल्या.
गल्लीत मला सगळे ओळखतात, म्हणून जास्तच भांडले.
कौसल्याबाईनं रातोरात पाण्याचा ड्रम
वीतभर पुढं सरकवला होता.
मी काही बोलले नाही,
ड्रमच्या अलीकडून टेप नेला.
तिनंही काही पाहिलं नाही.

आमचं घर दुपारच्या यादीत होतं.
आदल्या रात्री दिवा मालवल्यावर आई म्हणाली,
"आपलं सकाळीच मोजजो बाई.
दुपारी जागा कमी भरते म्हनत होती ना तू?"

चौदा फुटांत, टेपवर, ऊन किती खातं?
सुईच्या टोकाएवढंही नाही.
मला सांगता आलं असतं.
तीन वर्षं सरकारनं त्याचेच पैसे भरले होते.

साडेसहाला गेले.
त्रिवेणी वही घेऊन नालीच्या काठावर उभी,
आई कोपऱ्यात उकिडवी बसली
आणि टेपच्या शून्यावर तिनं अंगठा दाबून धरला.
चौदा फूट दोन इंच.
अकरा फूट सव्वानऊ.
त्रिवेणीनं पेन्सिलीनं लिहिलं, मी पुन्हा वाचून घेतलं.

टेप गुंडाळताना
माझ्या बोटांना झोंबलं.